हांकेला ओ देणारा संगणक



आज ज्या वस्तूविषयीं मला बोलावयाचें आहे ती डोळ्यांनीं पाहावयाची आहे, आणि आपणांपाशीं या क्षणीं केवळ कान आहेत. त्यामुळें हा विषय नभोवाणीवर आणणें प्रथमदर्शनीं कांहींसें विपरीत वाटेल. परंतु विषयाचें मर्मच असें आहे कीं, पाहत बसण्यापेक्षां नांव घेऊन बोलवावें. तेव्हां कानांवर भिस्त ठेवून मी पुढें जातों.

संगणकापुढें बसलेल्या मनुष्याचें थोडा वेळ निरीक्षण केलें तर असें दिसून येतें कीं, त्याचा बराच काळ काम करण्यांत न जातां काम शोधण्यांत जातो. उजव्या हातांत माउस घ्यावयाचा. पडद्यावर तो बारीकसा बाण कोठें दडला आहे तें हुडकावयाचें. तो कोपऱ्यापर्यंत न्यावयाचा. तेथें एक यादी उघडते, तींतून दुसरी फुटते. आणि शेवटीं हवें तें चित्र सांपडलें म्हणजे त्यावर दोनदां टिचकी मारावयाची. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या माझ्यासारख्याला पांढऱ्या पडद्यावरचा तो पांढरा बाण शोधणें म्हणजे निवडलेल्या तांदुळांत राहून गेलेला गारेचा खडा शोधणें होय. दिवसांतून शंभर वेळां हा खडा शोधावयाचा!

या माउसची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजीं अमेरिकेंत सान फ्रान्सिस्को येथें डग्लस एंगलबार्ट या संशोधकानें जाणकारांच्या मोठ्या सभेपुढें आपल्या यंत्राचें प्रात्यक्षिक केलें. त्या सभेनें त्याच्या उजव्या हातांत माउस पाहिला. परंतु त्याच वेळीं त्याच्या डाव्या हाताखालीं पांच पट्ट्यांची एक लहानशी पेटी होती. हार्मोनियमवर आपण तीन सूर एकदम धरतों तशा त्या पट्ट्या एकत्र दाबून तो अक्षरें उमटवी व यंत्रास आज्ञा देई. जगानें उजव्या हातांतली वस्तु उचलली आणि डाव्या हातांतली तेथेंच टाकली. ती कां टाकली याचें कारण उघड आहे: ती शिकावी लागे, आणि माउस शिकावा लागत नसे.

मला आज सांगावयाचें आहे तें साधन त्या टाकून दिलेल्या डाव्या हाताचें दूरचें नातलग आहे. इंग्रजींत त्यास लाँचर म्हणतात. शासकीय थाटाचा प्रतिशब्द करावयाचा तर 'प्रक्षेपक' असा होईल. पण प्रक्षेपक म्हटलें कीं श्रीहरिकोट्याचा अग्निबाण डोळ्यांपुढें उभा राहतो, म्हणून मी लाँचर हाच शब्द ठेवतों. त्याचें काम असें: दोन ठराविक बटणें एकदम दाबलीं कीं पडद्यावर एक आडवी पट्टी उघडते. तींत हव्या असलेल्या कामाच्या नांवाचीं दोन-तीन अक्षरें लिहावीं. पट्टीखालीं जुळणारीं नांवें येतात. पहिलें नांव हवें तेंच असलें तर एंटरचें बटण दाबावें. पट्टी नाहींशी होते आणि काम उघडतें. वर्गांत साठ मुलें असलीं तरी मास्तर प्रत्येक बांकापाशीं जाऊन तोंडें न्याहाळीत नाहीं. तो नांव पुकारतो, आणि मुलगा 'हजर' म्हणतो. लाँचर म्हणजे संगणकाचा हजेरीपट.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. या शास्त्राचें अध्ययन मीं केलेलें नाहीं. तरी या वस्तूच्या मागें मी लागलों त्याला दोन कारणें झालीं. लोणंदचा कांद्याचा बाजार आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक आहे. तेथील एका आडतीवर माझा एक जुना विद्यार्थी दिवाणजी आहे. लिलाव आटोपला, वजनें झालीं, कीं शेतकरी पट्टीसाठीं त्याच्या टेबलाशीं येऊन उभे राहतात. पट्टी म्हणजे पिशव्या किती, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली आणि हातीं काय पडणार, हा सारा हिशेब. कोणी फलटणच्या बाजूचा, कोणी नीरेपलीकडचा. प्रत्येकाचा टेंपो बाहेर खोळंबलेला. अशा वेळीं दिवाणजीच्या उजव्या मनगटाची शीर धरूं लागली. डॉक्टरांनीं निक्षून सांगितलें कीं, माउस जितका सोडाल तितकें बरें. आतां माउस सोडला तर नोकरी कशी राखावी, असा प्रश्न घेऊन तो मजकडे आला. दुसरें कारण असें कीं, मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा आधार थांबविला, आणि एका शाळेंतील जुनीं यंत्रें विंडोज ११ घेण्याजोगीं नव्हतीं. तीं भंगारांत काढण्यापेक्षां त्यांवर लिनक्स घालावें असें ठरलें व तें काम निवृत्त मास्तर म्हणून मजवर आलें. तेव्हां एका हातीं आडतीचें विंडोज व दुसऱ्या हातीं शाळेचें लिनक्स, अशी माझी दुहेरी परीक्षा झाली. जी तुलना मी आपणांपुढें मांडणार आहें ती या दोन कामांतून निघालेली आहे.

लाँचर आपल्या मनाजोगा घडवितां येतो, असें सर्वच म्हणतात. पण घडविणें तीन प्रकारचें असतें. पहिलें रूपाचें: पट्टीचा रंग, अक्षरांचा आकार, ती पडद्याच्या वर असावी कीं मध्यें असावी. दुसरें बटणांचें: कोणती जोडी दाबली असतां तिनें उठावें. तिसरें शब्दांचें: आपण कोणत्या नांवानें हांक मारली असतां कोणतें काम यावें. तरुण मंडळी पहिल्यावर रात्री जागवितात, दुसऱ्यावरून भांडतात, आणि तिसऱ्याकडे, जें खरें महत्त्वाचें, त्याकडे त्यांचें सहसा लक्ष जात नाहीं.

शब्दांचा प्रकार आपल्या लोकांना परका नाहीं. आपले जुने कारकून मुक्काम हा शब्द सबंध लिहीत नसत. 'मु' लिहून पुढें दोन दंड ओढीत. पोस्टाचें 'पो', तालुक्याचें 'ता', जिल्ह्याचें 'जि'. आजहि पत्त्यावर आपण 'मु. पो. लोणंद' असेंच लिहितों. लघुरूप हें लिहिणाऱ्याचें असतें व वाचणाऱ्याला तें ठाऊक असतें, या एका विश्वासावर तो सारा व्यवहार चाले. लाँचरमध्यें वाचणारा म्हणजे यंत्र. त्याला आपलीं लघुरूपें शिकवावीं लागतात. आणि चांगला लाँचर तीं आपण होऊन शिकतो. 'प' लिहून आपण चार वेळां पट्टी निवडली कीं पांचव्या वेळीं तो 'प' म्हणतांच पट्टीच पुढें करतो.

आतां प्रत्यक्ष लाँचरांकडे वळूं. मॅक या जातीच्या यंत्रांचा परामर्श मी थोडक्यांत आटोपतों, कारण आमच्या भागांत तीं क्वचितच दिसतात. परंतु त्यांतील क्विकसिल्व्हर या २००३ च्या लाँचरबद्दल व्याकरण शिकविणाऱ्या मनुष्यास दोन शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. त्यांत प्रथम वस्तु निवडावयाची, मग तिचें काय करावयाचें तें सांगावयाचें. म्हणजे आधीं कर्म, मग क्रियापद. 'पत्र उघड', 'चित्र पाठव', अशी ही रचना आहे. ज्यांनीं काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिण्याची जुनी रीति पाहिली असेल त्यांना ठाऊक असेल कीं, तेथें क्रियापद आधीं येतें, इंग्रजी आज्ञार्थाप्रमाणें. क्विकसिल्व्हर लिहिणाऱ्याच्या मनांत मराठी नव्हती हें उघड आहे; परंतु त्याचें वाक्य मराठी आहे, ही मला मोठी गंमत वाटते. पुढें २००५ सालीं ॲपलनें स्वतःच स्पॉटलाइट नांवाची शोधपट्टी यंत्रांत घातली. २०१० मध्यें आल्फ्रेड आला, ज्याचा मूळ भाग मोफत व कसबी भाग विकत आहे. आणि २०२० नंतर रेकास्टचा बोलबाला झाला. तेवढें पुरे.

विंडोजवर निवड तीन-चारांतून करावी लागते. मायक्रोसॉफ्टचीच पॉवरटॉइज म्हणून एक मोफत पेटी आहे. तींत २०२० सालीं रन नांवाचा लाँचर आला, आणि २०२५ मध्यें कमांड पॅलेट नांवाचा त्याचा धाकटा भाऊ. रनमध्यें चिन्हांची एक सुटसुटीत पद्धति आहे: आरंभीं बरोबरीचें चिन्ह लिहिलें कीं पुढचें गणित समजावें, प्रश्नचिन्ह लिहिलें कीं फाइल शोधावी. आडतीवर ही गणिताची सोय फार उपयोगी पडते; हमालीचा गुणाकार करण्यासाठीं दुसरें कांहीं उघडावें लागत नाहीं. रूपाच्या बाबतींत मात्र हे लाँचर फार सैल सोडीत नाहींत. उलट फ्लो लाँचर म्हणून जो एक स्वतंत्र प्रकल्प आहे, जो पूर्वींच्या वॉक्स नांवाच्या लाँचरपासून फुटून वाढला, त्यांत रंगरूप, पुरवण्या, स्वतःचे शब्द, सारें पुष्कळ मोकळें आहे. पुरवण्या लिहावयाच्या तर त्या सी शार्प, पायथन किंवा जावास्क्रिप्ट यांपैकीं कोणत्याहि भाषेंत लिहाव्या. एव्हरीथिंग नांवाची एक फाइल-शोधणारी आज्ञावली आहे. डिस्कवरील प्रत्येक नांवाची यादी ती आगाऊ करून ठेवते. ती फ्लोला जोडली असतां दोघे मिळून जो वेग देतात तो विंडोजच्या स्वतःच्या शोधास नाहीं.

फ्लोमधील एक सोय मला विशेष सांगावीशी वाटते. चिनी लोकांसाठीं त्यांत अशी व्यवस्था आहे कीं, रोमन लिपींत उच्चार लिहिला असतां चिनी अक्षरांतलें नांव सांपडावें. वॉक्स लिहिणारा चिनी होता, त्याला स्वतःची अडचण ठाऊक होती, त्यानें ती दूर केली. देवनागरीसाठीं अशी सोय मीं त्यांत शोधली, ती दिसली नाहीं. आपल्याकडे आज्ञावली लिहिणारे तरुण कमी आहेत असें कोणी म्हणूं नये. पुण्याच्या परिसरांत ते हजारोंनीं आहेत. पण रात्रीं घरीं बसून आपल्या भाषेची एक अडचण सोडवावी असें किती जणांच्या मनांत येतें, हा प्रश्न निराळा आहे.

लिनक्सचें क्षेत्र याहून विस्तृत आहे, आणि मतभेदहि तेथें तितकेच तीव्र. एका टोकाला डीमेन्यू. हा अगदीं लहान, सी भाषेंत लिहिलेला. त्याला मांडणीची फाइल म्हणून वेगळी नाहींच. मुळांत ठरवून दिलेला रंग किंवा अक्षर बदलावयाचें तर मूळ लिखाणांत बदल करावयाचा आणि सारी आज्ञावली पुन्हां बांधून घ्यावयाची. याचे कर्ते यांत अभिमान मानतात. मलाहि त्यांचा साधेपणा आवडला: त्याला नांवांची यादी द्यावी, त्यानें निवडलेलें नांव परत द्यावें, याखेरीज तो कांहीं करीत नाहीं. शिपाई असावा तर असा. परंतु त्यांत मराठी नांवें घातलीं आणि माझा हिरमोड झाला. 'हिशेब' या शब्दांतील पहिली वेलांटी ह च्या मागें न येतां पुढें जाऊन बसली, जोडाक्षरें तुटलीं. याचें कारण असें कीं, अक्षरें काढण्यासाठीं तो ज्या साधनावर विसंबतो तें एकेक चिन्ह ओळीनें मांडतें. वेलांटी मागें न्यावी, अर्धें अक्षर जोडावें, हें ज्ञान त्यास नाहीं. इंग्रजीला त्याची गरज नाहीं, म्हणून त्याची उणीव कोणास भासली नाहीं. मराठी शाळेंत मात्र असा लाँचर ठेवतां येत नाहीं. जो शब्द मुलानें फळ्यावर शुद्ध लिहिला तो पडद्यावर अशुद्ध दिसूं लागला तर दोहोंपैकीं कोणावर त्यानें विश्वास ठेवावा?

रोफी हा डीमेन्यूचें काम करतो, पण अक्षरांची मांडणी पँगो नांवाच्या साधनाकडे सोंपवितो, आणि पँगोला देवनागरी येते. रूपासाठीं त्यास निराळी फाइल आहे. वेबपृष्ठांची सजावट ज्यांनीं कधीं केली असेल त्यांना ती वाचतां येईल. डोळे अधू असलेल्या मनुष्यानें अक्षर दुप्पट करावें, काळ्यावर पिवळें करावें. कोणाची हरकत नाहीं. केडीई या मांडणीबरोबर केरनर येतो. तो निराळा घ्यावा लागत नाहीं, गणित करतो, मैलांचे किलोमीटर करून देतो. पण त्याची पट्टी वर असावी कीं मध्यें, यापलीकडे रूपांत फारसें स्वातंत्र्य देत नाहीं. युलाँचर दिसावयास सर्वांत देखणा, पायथनच्या पुरवण्या घेणारा. तो मागें सतत जागा राहतो. रोफी हांक मारल्यावर उठतो व काम झालें कीं जातो. शाळेच्या दुबळ्या यंत्रांचा विचार करून मीं रोफी निवडला. आल्बर्ट नांवाचा आणखी एक आहे. त्याविषयीं वाईट बोलण्याचें कारण नाहीं.

आतां मूळ अडचण. शाळेंतील मुलें मराठी लिहितात ती इनस्क्रिप्ट या मांडणीनें. हिला १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें मान्यता दिली. तींत स्वर डाव्या हाताला व व्यंजनें बहुतांशीं उजव्या हाताला. मांडणी उत्तम आहे. पण मुलगा निबंध लिहीत असतां त्याला हिशेबाचें पान, म्हणजे लिब्रेऑफिसमधील कॅल्क, उघडावयाचें झालें तर तो रोफीला हांक मारतो आणि सी, ए, एल, सी हीं चार बटणें दाबतो. यंत्र अद्याप मराठींतच आहे. सी च्या बटणावर म आहे, ए च्या बटणावर ओकाराची मात्रा, एल च्या बटणावर त. पट्टींत उमटतें काय? 'मोतम'. रोफी विचारतो, हा मोतम कोण? आणि यादी रिकामी होते. मुलगा पुन्हां माउसकडे वळतो, आणि मास्तरांचें नवें खूळ फुकट गेलें असें मनांत म्हणतो.

यावर उपाय तीन आहेत. पहिला, हांक मारण्यापूर्वीं दर वेळीं भाषा पालटावी. हा उपाय म्हणजे निरुपाय. दोन बटणांचें काम चारांवर जातें. दुसरा उपाय फ्लो लाँचरमध्यें आहे. त्याच्या मांडणींत एक खूण केली असतां पट्टी उघडतांच तो आपण होऊन इंग्रजी लेखन सुरू करतो. दिवाणजीच्या यंत्रावर मीं हीच खूण करून दिली. तिसरा उपाय लिनक्सवरचा, आणि तो मला सर्वांत आवडला. तेथें प्रत्येक आज्ञावलीची एक लहानशी माहितीपत्रिका असते; ती साध्या अक्षरांत असून कोणासहि वाचतां येते. तींत नांव असतें, आणि शोधण्यासाठीं उपयोगी पडणाऱ्या शब्दांची एक ओळ असूं शकते. मराठी नांवहि निराळें देतां येतें. नांवापुढें चौकटी कंसांत एम व आर हीं दोन अक्षरें घातलीं कीं तें मराठीचें समजलें जातें. या पत्रिकेची एक प्रत वापरणाऱ्यानें आपल्या घरच्या कप्प्यांत ठेवून तींत बदल केला तर यंत्र मूळ पत्रिका सोडून हीच मानतें. मीं कॅल्कच्या पत्रिकेंत शोधशब्दांच्या ओळींत तीन शब्द लिहिले: हिशेब, गणित आणि मोतम. आतां मुलानें मराठींत 'हिशेब' म्हटलें तरी कॅल्क येतो. आणि भाषा पालटण्याचें विसरून इंग्रजी बटणें दाबलीं तरी मोतम म्हणून तोच येतो. पांचवीच्या वर्गांत मोतम हें आतां त्या आज्ञावलीचें रूढ नांव झालें आहे. एका मुलीनें मला विचारलें कीं, गुरुजी, मोतम हा संस्कृत शब्द आहे का?

ह्रस्व-दीर्घाचा प्रश्न याहून नाजूक. कोणी 'महिना' लिहितो, कोणी 'महीना'. मास्तर म्हणून मी दुसऱ्यास तांबडी रेघ मारीन. पण फाइल सांपडू नये इतकी मोठी शिक्षा त्या चुकीला नसावी. रोफीमध्यें जुळणी करण्याच्या अनेक रीति आहेत. त्यांपैकीं एक सैल रीति अशी कीं, लिहिलेलीं अक्षरें त्याच क्रमानें नांवांत कोठेंतरी आलीं म्हणजे पुरे, मध्यें दुसरें कांहीं असलें तरी चालेल. देवनागरींत यंत्राच्या लेखीं काना, मात्रा, वेलांटी हीं सर्व स्वतंत्र चिन्हें आहेत. तेव्हां मुलानें नुसतीं व्यंजनें लिहावीं. 'कद' लिहावें, 'कांदा' येतो. 'महन' लिहावें, ह्रस्व असो वा दीर्घ, महिना येतो. आपल्या मोडी लिपीनेंहि ह्रस्व-दीर्घाचा भेद कधीं मानला नाहीं, आणि तींत सबंध राज्याचा कारभार चालला. नकळत मोडीची ही उदार बुद्धि या परदेशी आज्ञावलींत आली आहे.

तरीहि एक ठिकाण असें आहे कीं जेथें ही युक्तीहि अडते, आणि तें आमच्या गांवाच्या अगदीं जिव्हाळ्याचें आहे. 'शेतकऱ्यांची यादी' हे शब्द घ्या. यांतील जो चंद्रकोरीसारखा र, तो युनिकोड या जागतिक लिपिकोशांत दोन रीतींनीं लिहितां येतो. एका रीतींत खालीं टिंब असलेला निराळा ऱ घेऊन त्याला हलन्त करून य जोडतात. दुसऱ्या रीतींत साधा र, हलन्त, आणि त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्हीं एकच दिसतात. यंत्राला तीं दोन भिन्न नांवें आहेत. एका कारकुनानें पहिल्या रीतीनें नांव दिलें आणि दुसऱ्यानें दुसऱ्या रीतीनें शोधलें तर समोर पडद्यावर दिसत असलेली फाइल 'नाहीं' असें उत्तर येतें. 'कैऱ्या', 'पायऱ्या', 'दऱ्या', 'नोकऱ्या', सर्वांची हीच गति. सैल रीतींत 'शतकय' असें र गाळून लिहिलें म्हणजे दोन्हीं सांपडतात, पण हें कोणी सांगितल्यावांचून कसें सुचावें? उभ्या मराठी मुलुखांत शेतकऱ्यांच्या याद्या होतात. नुकसानीच्या होतात, विम्याच्या होतात. नांव सांपडलें नाहीं म्हणून खिडकीवरून परत जाणाऱ्या मनुष्यास हें कारण कोण समजावून सांगणार? लाँचर करणाऱ्यांनीं जुळणीपूर्वीं दोन्हीं रूपें एक करून घ्यावींत. काम फारसें मोठें नाहीं, फक्त तें करणाऱ्याला हा र ठाऊक असावयास हवा.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. लाँचरच्या पट्टींत आपण जें लिहितों तें कोठें जातें? २०१२ च्या ऑक्टोबरांत उबुंटु या लिनक्सच्या प्रसिद्ध अवतारानें आपल्या शोधपट्टींत लिहिलेले शब्द आपल्या सर्व्हरकडे पाठवून ॲमेझॉनवरील माल दाखविण्यास सुरुवात केली. आपण घरांतली फाइल शोधावी आणि बाजारानें ती हांक ऐकावी, असा हा प्रकार. त्यावर मोठा गदारोळ झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनीं त्यास हेरगिरी म्हटलें. आणि २०१६ च्या आवृत्तींत ही योजना मुळांत बंद ठेवण्यांत आली. विंडोजची आरंभयादीहि बाहेरच्या शोधाचे निकाल मध्यें आणते. जो लाँचर घ्याल त्याची मांडणी उघडून बाहेरचा शोध बंद आहे कीं चालू, तें प्रथम पाहावें. आडतीवर शेतकऱ्यांचीं नांवें आणि रकमा असतात. त्या नांवांना हांक मारतांना ती चार भिंतींच्या आंतच राहिली पाहिजे.

बटणांविषयीं थोडेंसें. बहुतेक लाँचर अल्ट व स्पेस ही जोडी मागतात. युलाँचर कंट्रोल व स्पेस मागतो. परंतु लिनक्सवर मराठी लेखन चालू-बंद करणारी फ्सिटिक्स नांवाची आज्ञावली हीच जोडी वापरते. दोघांना एकच हांक दिली तर एकाला ती ऐकूं येत नाहीं, आणि मनुष्य आज्ञावलीस दोष देत बसतो. म्हणून आरंभींच जोडी बदलून घ्यावी. ज्याचें उजवें मनगट दुखतें त्यानें डाव्या हातानेंच दाबतां येईल अशी जोडी निवडावी. मनगट चांगलें असलेल्यानेंहि तेंच करावें.

दिवाणजीच्या यंत्रावर आतां फ्लो लाँचर आहे. आम्हीं एक कप्पा केला. त्यांत रोज लागणाऱ्या बारा-पंधरा फाइलींच्या वाटा ठेवल्या आणि प्रत्येकीस जोडनांव दिलें: आधीं मराठी शब्द, त्यापुढें दोन इंग्रजी अक्षरें. पट्टीपुढें पी टी, हमालीच्या वहीपुढें एच एम, उचलीच्या खात्यापुढें यू सी. तो कप्पा फ्लोला दाखवून दिला. मराठी नांव डोळ्यांसाठीं व इंग्रजी अक्षरें बोटांसाठीं, अशी ही विभागणी आहे. पहिला आठवडा त्याला फार जड गेला. हात सवयीनें माउसकडे जाई. मग त्यानें आपण होऊन माउस टेबलाच्या डाव्या बाजूस नेऊन ठेवला. मनगट अजून पूर्ण बरें झालेलें नाहीं, परंतु संध्याकाळीं तें शेकावें लागत नाहीं असें तो सांगतो. मीं त्याला रोफी दाखविला, तर तो त्यास काळाकुट्ट वाटला. त्याला आपली निळी पट्टी बरी वाटते, आणि ती त्याची त्यानें सजविलेली आहे. शेजारच्या आडतीवरचा मुलगा ती पाहून गेला असून आपल्या यंत्रावर तशीच करून द्या म्हणून दोन वेळां घरीं येऊन गेला आहे. त्याच्या यंत्रावर विंडोज १० च आहे. तेव्हां आधीं त्याची सोय पाहावी लागेल.